मांजर चाटतं, मेंढरू चाटत नाही

मेंढरांच्या खरजेवर माझ्या हातचं औषध चार गावांत चालायचं. करंजाचं तेल, गंधक, तंबाखू उकळून काढलेलं पाणी आणि वर झाकणभर काळं फिनेल. किती उकळायचं आणि कधी खाली घ्यायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगोल्याकडच्या आमच्या माळावर कुणाच्या कळपात खरूज शिरली की माणूस रिकामी बाटली घेऊन माझ्या दारात यायचा. मी बाटली भरून द्यायचो आणि वर दोन शब्द ऐकवायचो. खरूज सगळ्या कळपात पसरेपर्यंत तो झोपला होता, हे त्याला कळायला नको?

माझी शाळा चौथीतच सुटली, पण जनावराचं कातडं मला वाचता येतं. हे मी आजही म्हणतो. एका वेळेला चुकलो, ते सांगतो.

गुडघे गेले तशी मेंढरं विकली आणि सोलापुरात पोराकडं आलो. पोरगा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस बाहेर. घरात मी आणि सूनबाई. ती घरातच मशीन टाकून टॉवेलच्या कडा शिवते. कारखान्यातून गठ्ठे येतात, शिवून परत जातात. दोन खोल्यांतली एक खोली टॉवेलांनीच भरलेली. त्यात उंदीर शिरला तर शिवलेल्या मालाची चाळण करतो, म्हणून तिनं मांजर पाळलं होतं. पांढरं, पाठीवर करडे डाग. नाव काही ठेवलं नव्हतं. तिनं नुसतं “ये गं” म्हटलं तरी यायचं.

मला मांजराचं कौतुक कधी नव्हतं. माळावर आमची कुत्री होती. कुत्रं काम करतं आणि ओळख ठेवतं. पण शहरात आल्यावर माझ्या हातांना कामच राहिलं नाही. मांजर शेजारी येऊन बसायचं आणि मी त्याच्या अंगावरून हात फिरवायचो. लाड म्हणून नाही, सवय म्हणून. जनावर हाताखाली आलं की माझी बोटं आपोआप केस फाकून कातडं बघतात. तसं बघता बघता एक दिवस मागच्या मांडीवर रुपयाएवढी जागा सापडली. केस गेलेले, कातडं खरबरीत.

“सूनबाई, ह्याला खरूज हाय.”

“हातातला माल पोचवला की दवाखान्यात न्हेते, मामा.”

“मांजराला दवाखाना? माज्या ट्रंकेत औषध हाय की.”

“ते मेंढरांचं हाय.”

“कातडं ते कातडं.”

तिनं मशीन थांबवलं. “तुमी कायबी लावू नका. मी न्हेते म्हनलं न्हवं?”

हे शेवटचं बोलणं मला लागलं. ज्याच्या दारात माणसं बाटल्या घेऊन उभी राहायची, त्याला ही कालची पोर लावू नका म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गठ्ठे रिक्षात घालून कारखान्यावर गेली. मी ट्रंकेतून बाटली काढली, फडक्याचा बोळा केला आणि मांजराच्या मांडीवर औषध चांगलं चोळून लावलं. रुपयाएवढ्या जागेला तळहाताएवढं. खरजेला कडेनं कोंडावं लागतं, नाहीतर ती सरकते.

मेंढराला औषध लावलं की मेंढरू तसंच उभं राहतं. फार तर बाभळीला अंग घासतं. एवढ्या वर्षांत एकाही मेंढराला मी स्वतःची मांडी चाटताना बघितलं नाही. त्यामुळं चाटण्याचा विचार माझ्या औषधात कधी नव्हताच.

मी बाटलीला बूच लावतोय तोवर मांजरानं तंगडी वर केली, मान वळवली आणि चाटायला लागलं. मी “हाड” म्हटलं, हात आपटला. ते दोन हात पुढं जाऊन परत चाटायला बसलं. थोड्या वेळात त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग फेस आला. डोकं झटकत ते टॉवेलांच्या गठ्ठ्यामागं जाऊन बसलं. मी गुडघ्यांवर रांगत गेलो, बाहेर ओढलं आणि ओल्या फडक्यानं पुसलं. पण ते तेल. पुसलं की पसरतं. मांडी लालभडक झालेली.

मग घरभर सुटलेला फिनेलचा वास ध्यानात आला. काय करावं सुचेना. मोरीतलं फिनेल बादलीत ओतलं आणि दोन्ही खोल्यांची फरशी पुसून काढली. जन्मात पहिल्यांदा. वासात वास मिसळून गेला.

सूनबाई दारातच थबकली.

“मामा, फरशी तुमी पुसली?”

“घाण झालती.”

“आज सूर्य कुटनं उगवलाय म्हनायचा?” हसतच ती आत आली आणि तिला मांजर दिसलं. “अगं बाई! ह्याच्या तोंडाला फेस कशाचा वो?”

“पाल खाल्ली असंल.”

“आन मांडी? पालीनं भाजली व्हय?”

मी फडकं पिळत राहिलो. तिनंच इकडंतिकडं बघितलं आणि तिची नजर शेजारच्या दारात गेली. शेजारीण तेलुगू घरातली बाई. तीही टॉवेलच शिवते. दोघींचं चांगलं होतं, दोरा संपला तर एकमेकींकडनं नेत. त्या दिवशी सकाळी तिनं मोरी ॲसिड टाकून धुतली होती आणि आमचं मांजर तिच्या घरात जाऊन-येऊन असायचं.

“अक्का, ॲसिडची बाटली उगडी ठेवता का वो? माजं मांजर भाजलं की!”

“उगडी कुटं? फळीवर हाय, येऊन बग.”

“मग धुतल्यालं पानी सोडलं असंल.”

“माजी दोन लेकरं त्या मोरीत अंगोळ करत्यात. त्यांना काय झालं न्हाई ते तुज्या मांजराला झालं?”

अर्धी गल्ली दारात आली. मी आत खाटेवर बसून सगळं ऐकत होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. गुडघे दुखत होते हे खरं, पण त्या दिवशी उठलो नाही ते गुडघ्यांमुळं नव्हे.

दुसऱ्या दिवशी मांजर पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, कशानं झालं? सूनबाई म्हणाली, शेजारच्या ॲसिडनं. त्यांनी ॲसिडनंच भाजलं असं धरून जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि मलमाची ट्यूब दिली.

“दिवसातून दोनदा लावायचं. लावल्यावर अर्धा तास चाटू द्यायचं नाही. चाटलं तर औषध पोटात जाईल, जखम तशीच राहील आणि मांजर जास्त आजारी पडेल. एवढं एक सांभाळा, आजोबा.”

“त्यात काय,” मी म्हणालो. “हजार मेंढरं सांभाळलीत.”

सांगताना सोपं वाटतं. पण मांजराला अंगाला लागलेलं काहीही सहन होत नाही. आपण ट्यूबचं टोपण लावेपर्यंत ते वळलेलं असतं.

दवाखान्यातनं गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं दिलं होतं, तोंडाभोवती कर्ण्यासारखं उभं राहणारं. ते घातल्यावर मांजर पुढं जाईना, मागंच सरकत राहिलं. सगळं घर उलटं चालून शेवटी भिंतीला टेकलं आणि तिथंच बसलं. पाणी पिईना, खाईना. दुसऱ्या दिवशी सूनबाईला दया आली, तिनं ते जरा सैल केलं. सैल केल्याबरोबर मान लांबवून त्यानं मांडी गाठली.

मग तिनं डाग लागलेला एक टॉवेल कापून मांजराला अंगरखा शिवला. चार पायांना चार भोकं, पोटावर नाडी. कडासुद्धा दुहेरी शिवल्या, हाताला वळणच तसं. अंगरखा घातला की मांजर लाकडासारखं कुशीवर पडायचं. उभं केलं की परत पडायचं. आम्हाला वाटलं, जमलं. संध्याकाळी काढून बघतो तर मांडी कोरडी आणि टॉवेल चिकट. सगळं मलम टॉवेलानं पिऊन टाकलेलं.

“शेळीचं करडू दुधावरनं तोडताना आमी सडाला शेण फासतो,” मी म्हणालो. “मग ते तोंड लावत न्हाई.”

“जखमंला शेन लावू, मामा?” तिनं एवढंच विचारलं.

शेवटी मी म्हणालो, मी धरून बसतो. लोकर कातरताना मेंढरू बुडावर बसवतात, त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवतात आणि पुढचे पाय बगलेत घेतात. एकदा तसं बसवलं की केवढाही एडका मेल्यागत गप्प पडतो. मांजर तसंच बसवलं. त्यानं मनगटापासून कोपरापर्यंत मला सोलून काढलं. पुढच्या वेळेला अंगावर जाड टॉवेल टाकून, फक्त डोकं बाहेर ठेवून, मांडीत दाबून बसलो. ते जमलं.

जमलं म्हणजे काय, तर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास मी भिंतीला टेकून जमिनीवर बसायचो. खाटेवर बसलं तर ते उडी मारायचं, म्हणून जमिनीवरच. गल्लीच्या टोकाला यंत्रमाग आहेत, त्यांची खडखड दिवसभर चालते. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा, मांडीत टॉवेलात गुंडाळलेलं गरम जनावर. हात सैल केला की ते वळवळायचं. दहा मिनिटांत पाय बधिर व्हायचा. अर्धा तास झाला की मांजर एका उडीत मोकळं व्हायचं आणि मी भिंत धरून, एक गुडघा, मग दुसरा, असा उठायचो. आयुष्यभर मैलोन् मैल चाललो, पण एवढा कधी थकलो नव्हतो. चालून आलेला शीण झोपला की उतरतो. हा उतरत नव्हता.

वर ते कौतुक. सूनबाई फोनवर पोराला सांगायची, “मामांनी लई जीव लावलाय वो. हातभर ओरबाडलंय तरी सोडत न्हाईत.” मी ऐकायचो आणि मांजराच्या डोक्याकडं बघत बसायचो. शेजारीण दारावरून जाताना मोठ्यानं म्हणायची, “ॲसिडवाली चाललीय बाबा, मांजर आत घ्या!” सूनबाई तोंड फिरवायची. दोघी आता दोन रिक्षांनी कारखान्यावर जात होत्या.

एवढं करूनही जखम भरेना. उलट कडेनं वाढली. आठव्या दिवशी मांजरानं दुधाला तोंड लावलं नाही. डोळे पिवळट दिसायला लागले. मेंढराचे डोळे असे झाले की पुढं काय होतं ते मला माहीत होतं. आम्ही परत दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा घालून मांडीवरचे केस बोटात चोळले आणि बोट नाकाशी नेलं.

“ॲसिडनं असं होत नाही. ह्यात काहीतरी तेलकट मुरलंय. तुम्ही मलमाचा अर्धा तास सांभाळता, पण उरलेला दिवसभर ते हेच चाटतंय. आणखी काय लागलं होतं ह्याला?”

“न्हाई बाई, आणि काय न्हाई,” सूनबाई म्हणाली.

“आजोबा?”

“मला काय ठावं.”

“काय होतं ते कळलं तर त्यावर औषध देता येईल. नाहीतर मी अंदाजानंच देणार. लिव्हरला सूज दिसतेय.”

त्यांनी अंदाजानं दोन औषधं लिहून दिली. आम्ही बाहेर आलो. सूनबाई रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली. पिशवीतून मांजर ओरडतही नव्हतं. येताना ओरडलं होतं. मी एक पाय रिक्षात टाकला आणि तसाच राहिलो.

“बसा की, मामा.”

“उतर. आत जायाचंय.”

“काय राहिलं?”

“उतर म्हनलं न्हवं.”

आत टेबलापुढं उभा राहिलो. कुणी बसा म्हणालं तरी बसलो नाही. चार गावांत कुणाला न सांगितलेलं औषध मी तिथं सांगितलं. करंजाचं तेल किती, गंधक किती, तंबाखूचं पाणी किती उकळलेलं, फिनेल किती. डॉक्टरीणबाई कागदावर लिहून घेत होत्या. मी सूनबाईकडं बघितलं नाही. ती माझ्या पाठीशी उभी होती, तिच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

“फिनेल मांजराला विष आहे, आजोबा,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जड गेलं. “मांजर चाटूनच अंग स्वच्छ करतं. त्याच्या अंगावर जे लावाल ते त्यानं खाल्लं असंच धरायचं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तेव्हाच साबणानं धुऊन काढलं असतं.”

“मेंढरू चाटत न्हाई,” मी म्हणालो. ते माझं म्हणणं नव्हतं, नुसतं तोंडातून निघालं.

त्यांनी मांजराचे केस कापले, साबणानं तीनदा धुतलं, सलाईन लावलं. दोन तास आम्ही बाकावर बसलो. सूनबाई बाकाच्या त्या टोकाला. शेवटी ती बोलली.

“अक्काला मी आठ दिवस काय काय बोलले, मामा.”

“व्हय.”

“तुमी आत बसून ऐकत हुता.”

“व्हय.”

ती पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर मी उलटून बोललो असतो, माझा स्वभाव तसा. तिनं ती सोय ठेवली नाही.

घरी आल्यावर चप्पल न काढता शेजारच्या दारात गेलो. शेजारीण मशीनवर होती.

“बाई, तुमच्या ॲसिडनं न्हाई झालं. माज्या औषधानं झालं.”

तिनं चालू टॉवेलची कड शेवटापर्यंत नेली, दोरा तोडला, मग वर बघितलं.

“अण्णा, आठ दिवस तुमी मला बगून आत जात हुता. मला वाटलं, म्हातारा सुनंला भितोय.”

“कुनाला भीत न्हाई मी.”

“मग?”

मी चौकटीला हात टेकला.

“बसा, च्या घ्या. तुमचं मिटलं,” ती म्हणाली. “तुमच्या सुनंशी मातर मी चार दिवस बोलनार न्हाई. तिनं न इचारता तोंड सोडलं. तिला येऊ द्या की हितवर.”

सूनबाई चौथ्या दिवशी गेली. काय बोलल्या ते मला माहीत नाही. पण त्यानंतरच्या शनिवारी दोघी एका रिक्षातून गेल्या.

माझ्याशी सूनबाई कामापुरतं बोलत होती. “मामा, जेवा.” “मामा, फोन वाजतोय.” मलमाची ट्यूब तिनं आपल्या मशीनच्या खणात ठेवली. सकाळ-संध्याकाळ ती स्वतः काढायची, स्वतःच्या बोटानं लावायची आणि मांजर माझ्या मांडीत द्यायची. धरायचं काम माझं, लावायचं तिचं. मी म्हणालो नाही की लावतो मी. लावायला माझा हात आता कुणाला चालणार?

असे तीन आठवडे बसलो. मांजर दुधाला लागलं, डोळे निवळले, पण मलमाचा अर्धा तास सुटला नाही. ते बरं होत गेलं तशी त्याची ताकद वाढली आणि माझी कमी झाली. शेवटच्या दिवसांत ते मांडीत असं धडपडायचं की टॉवेलासकट मीच हलायचो. सूनबाई मशीनवरून बघायची. एकदा म्हणाली, “सोडा आता, मामा, दमला.” मी घड्याळाकडं बघितलं. सहा मिनिटं राहिली होती. सोडलं नाही.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरे झालं मलम. जागेवर कातडं धरलंय, केस मात्र तिथं येतील न येतील.

आता मांजर बरं आहे. गठ्ठ्यांवर निजतं, शेजारणीच्या घरात जातं, परवा एक उंदीरही आणून टाकला. फक्त माझ्याजवळ येत नाही. मी खोलीत गेलो की ते उठतं. खाली बसायला मी भिंतीला हात लावला की थेट दाराबाहेर. तीन आठवडे ज्यानं दाबून धरलं, त्याच्याजवळ कोणतं जनावर येईल? फिनेल कुणी लावलं हे त्याला आठवत असेल की नाही, मला सांगता येत नाही. दाबून कुणी धरलं हे पक्कं आठवतं.

काल मी पाणी प्यायला उठलो आणि ते खिडकीतून उडी मारून पत्र्यावर गेलं. सूनबाईनं मशीन थांबवून बघितलं.

“तुमाला बगून पळतंय वो, मामा.”

“पळू दे. पळन्याएवढं झालं न्हवं.”

तिनं परत टॉवेल पुढं सरकवला. मी पाणी पिऊन खाटेवर जाऊन पडलो.